पेटीतली खाडी

आमच्या निवतळ गावात ओठ हुळहुळले की दोष तिरफळांना देतात. तिरफळ म्हणजे मिरीपेक्षा जरा मोठं, वाळलेलं रानफळ. बांगड्याच्या कढीत चार ठेचून टाकली तरी जिभेला मुंग्या येतात. माझ्या भावाला, गौरेशदादाला, त्यांची इतकी आवड की तिसऱ्यांच्या सुक्यातसुद्धा तो तिरफळं मागायचा. खाडीच्या वाळूत सापडणाऱ्या या शिंपल्यांत तिरफळं कोणी घालत नाही. सानिकावयनी घालायची, कारण नवऱ्याचा हट्ट. गेल्या वर्षी शिमगा आटोपल्यावर एका सोमवारी दुपारी दोन वाट्या तिसऱ्या संपवून तो ओठांवरून बोट फिरवत म्हणाला, "आज तिरफळां जास्त पडली गो," आणि हसला. दिवेलागणीच्या आत तो गेला.

मी समोरच बसले होते. मी सोमवार पाळते, म्हणून माझ्या ताटात वरणभात होता. दादा वार-बीर मानायचा नाही आणि माझ्या उपासांची टिंगल करायचा.

तीन वाजता त्याची बोटं बधिर झाली. साडेतीनला जीभ जड झाली. आम्ही गाडी काढली. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वाटेतच मला फोनवर विचारलं होतं, की शिंपल्यांतून विषबाधा होते असं वाचलंय, तुमच्या खाडीच्या पाण्यात तसं काही आहे का? तुम्हीच ते पाणी तपासणारं यंत्र सांभाळता ना? मी मोबाइलवर पाहिलं आणि सांगितलं, नाही, यंत्राचा दिवा हिरवा आहे. मग त्यांनी नासके शिंपले धरून उपचार केले. सलाईन लावलं, पोट धुतलं. श्वास बंद पडत चाललाय हे कळेपर्यंत उशीर झाला होता. कागदावर लिहिलं, खराब झालेल्या शिंपल्यांमुळे अन्नविषबाधा.

खराब शिंपले म्हणजे रांधणारीने नीट न निवडलेले शिंपले. आमच्याकडे लहान मुलीलाही माहीत असतं, की उकळल्यावर जी तिसरी तोंड उघडत नाही ती मेलेली, ती टाकायची. वयनीने एखादी टाकली नसेल, असं गाव म्हणालं. तोंडावर कोणी बोललं नाही. पण तिच्या हातचा चहा नको म्हणणारी माणसं मी मोजली आहेत.

सर्वांत आधी तिनेच ते मानलं. दादाच्या तेराव्यानंतर तिने चुलीला हात लावला नाही. पीठ मळलं नाही, तांदूळ धुतले नाहीत. मी चौदा वर्षांची पोरकी पोर असताना ती या घरात आली आणि मला भरवून भरवून मोठी केली. आता मी रांधत होते, वाईट रांधत होते, आणि ती मुकाट जेवत होती. जेवतानासुद्धा चमच्याने. स्वतःच्या हाताने घास घ्यायची तिला भीती वाटायची. कधीकधी मागीलदारी बसून दोन्ही हात नाकाशी धरून वास घ्यायची. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाली, "माझ्या हातात वीख आसा, स्वरा. तू माझ्या हातचा काय खाव नको." मला तेव्हा तिची काळजी वाटली. स्वतःच्या हातांची वाटायला हवी होती.

मी स्वरांगी कुबल, निवतळच्या खाडीवरच्या संशोधन केंद्रात उपकरणं सांभाळते. शास्त्रज्ञ निबंध लिहितात आणि मी स्क्रू आवळते. पण पुढचं कळायला थोडं शास्त्र लागेल, तेवढं मला येतं.

समुद्राच्या एका थेंबात डोळ्यांना न दिसणारी हजारो सूक्ष्म शैवालं असतात. ती उन्हावर अन्न बनवतात आणि कोळंबीपासून सुरमईपर्यंत सगळ्यांची खाणावळ तीच चालवतात. आमच्या खाडीची जुनी रहिवासी म्हणजे डायटम. पुस्तकी मराठीत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात, कारण झाकणाच्या करंड्यासारखं त्यांना काचेचं कवच असतं. दुसरी जात शेपट्या हलवत गरगर फिरते, तिला आम्ही केंद्रात भोवरे म्हणतो. भोवऱ्यांच्या काही जाती विषारी असतात. तिसऱ्या पाणी गाळून जगतात, म्हणून ते विष त्यांच्या मांसात साठतं. तिसरीला काही होत नाही. उकळून, तळून विष जात नाही, त्याला वास नाही, चव नाही. खाणाऱ्याला पहिली खूण एकच, ओठांना मुंग्या. पुढे स्नायू थकतात आणि श्वास थांबतो. पण काही तास यंत्राने श्वास देत राहिलं, तर विष उतरतं आणि माणूस दुसऱ्या दिवशी उठून बसतो. हे शेवटचं वाक्य मी आता रोज वाचते.

पूर्वी भोवरे थोडे आणि डायटम फार, असा खाडीचा संसार होता. मग अकरा वर्षांपूर्वी जगाने डोक्यावर छत्री धरली. तापमान आवरेना म्हणून विमानांनी वीस किलोमीटर उंचीवर गंधकाचे बारीक कण फवारायला सुरुवात झाली. ऊन थोडं परत फेकलं जाईल आणि पृथ्वी निवेल, हा हिशेब. ती निवली सुद्धा. पण त्या कणांच्या अंगावर ओझोन खाणाऱ्या रासायनिक क्रिया जोर धरतात. किती जोर धरतील याचा अंदाज चुकला. ओझोनचा थर विरळ झाला आणि तो अडवत होता ते अतिनील किरण, त्यांतले सर्वांत जाळणारे, खाली पोचू लागले. उष्मा कमी आणि भाजणं जास्त, असा उलटा कारभार सुरू झाला.

हे किरण पाण्यात शिरून शैवालांच्या डीएनएची वीण उसवतात. डायटम उसवलेलं पुन्हा शिवतात, पण शिवण्यापेक्षा उसवणं जास्त झालं की संपतात. भोवरे अंगातच किरण शोषणारं रसायन तयार करतात, म्हणजे घरचं मलम. त्यात पाऊस कमी झाला. डोंगरातल्या पाल्याचा चहासारखा रंग घेऊन येणारं पाणी खाडीला ऊन लागू द्यायचं नाही. तो रंग गेला आणि फाल्गुनात खाडीचा तळ दिसू लागला. पर्यटक फोटो काढायचे.

तिसऱ्या काढणाऱ्या बायांना धोका कळावा म्हणून केंद्राने खाडीत पारखी सोडला होता. पारखी म्हणजे एक पिवळा तरंगता पिंप आणि त्यात पाण्याची पेटी. रोज पारखी पेटीत वाटीभर नवं पाणी घेतो, तेवढंच जुनं बाहेर सोडतो, वरच्या खिडकीतून ऊन आत येऊ देतो आणि दर तासाला आत काय वाढतंय त्याची चित्रं काढून मोजतो. पेटी उथळ, तिला ऊन लवकर लागतं, म्हणून खाडीत चार दिवसांनी जे होणार ते पेटीत आज दिसावं अशी योजना. भोवरे वाढले की धक्क्यावर आणि बायांच्या मोबाइलवर लाल दिवा. एरवी हिरवा. पारखी बंद असला तरी लाल धरायचा, हा नियम.

गेल्या वर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास एका ट्रॉलरचा दोर अडकून पारखीची खिडकी फुटली. खिडकी क्वार्ट्झची होती, बाहेरून यायची, सहा महिने लागणार होते. दिवा लाल झाला. ऐन हंगामात बारा घरांचा धंदा बुडाला, त्यांत आमचं एक. बाया केंद्रावर आल्या, वयनी सर्वांत पुढे. "काय तरी कर गो," एवढंच ती म्हणाली. तिने माझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं.

मी तालुक्याच्या गावी पाट्या बनवणाऱ्याकडून पारदर्शक प्लॅस्टिकचा जाड तुकडा कापून आणला. दुकानदार म्हणाला, दहा वर्षं उन्हात ठेवा, पिवळा पडणार नाही, गॅरंटी. मला ते फार आवडलं. घासून, रबर लावून मी तो इतका नेमका बसवला की स्वतःवर खूश झाले. आपल्याकडे अडलेलं काम निभावून नेणाऱ्याला मान असतो, तो मला मिळाला. दिवा हिरवा झाला. काम भागतंय म्हणून क्वार्ट्झची मागणी मागेच पडली. सव्वा महिन्याने वयनीने माझ्यासाठी म्हणून तिसऱ्या रांधल्या. वार सोमवार आहे हे ती आनंदात विसरली, आणि माझा वाटा दादाने खाल्ला.

त्या खिडकीतून पेटीत डायटम असे फोफावले की केंद्रप्रमुख डॉ. हर्डीकरांनी त्यावर निबंध लिहिला. छतावरचा मापक अतिनील किरण वाढल्याचं सांगतो, तरी निवतळचे डायटम टिकून आहेत, म्हणजे त्यांनी जुळवून घेतलंय, असा सिद्धान्त. परदेशातून दोन माणसं येऊन पाहून गेली. छतावरच्या त्या आकड्यांची नोंद रोज मीच करत होते.

दादाचं वर्षश्राद्ध या फाल्गुनात झालं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तिखटाचं, म्हणजे मासळीचं, जेवण असतं. गेलेल्याला आवडायचं ते पानावर वाढून परसात ठेवतात. वयनी रांधणार नव्हती, मला तिसऱ्या जमत नाहीत, म्हणून शेजारच्या शैलाकाकीने सुकं करून आणलं. पानावर वाढता वाढता ती सहज बोलली.

"आमचा तिरफळीचा झाड वादळात पडला, म्हणान तिरफळां घालूक नाय हां. तरी चव बघताना व्हठ हुळहुळले. यंदा तिसऱ्यांकच तिरफळाची चव इली मां."

मी तिच्या हातातला डाव हिसकावून घेतला. किती खाल्लंस, असं मी तीनदा विचारलं. दोनच, ती घाबरून म्हणाली. मी पातेलं परसात खड्ड्यात ओतलं आणि वर माती लोटली. पानावर वाढलेलंही काढलं. तोपर्यंत वयनी दारात येऊन उभी राहिली होती. तिला वाटलं असणार, की आता शेजारणीच्या हातालाही तिच्या घराने बाधा केली. मी काही न सांगता केंद्रावर धावले.

मोबाइलवर दिवा हिरवाच होता.

होडीने पारखीपाशी गेले, बादलीने खाडीचं पाणी घेतलं आणि पेटीतलंही बाटलीभर घेतलं. दोन्ही थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. बादलीच्या थेंबात भोवरे, नुसते भोवरे, आणि डायटमची फुटकी रिकामी कवचं. पेटीच्या थेंबात सोनेरी, ठसठशीत डायटम, साखळ्या धरून पसरलेले, मी नोकरीला लागले तेव्हा बादलीत दिसायचे तसेच. मग अतिनील मापक त्या प्लॅस्टिकखाली धरला. शून्य. बाहेर काढला, काटा टोकाला. न पिवळणारं प्लॅस्टिक न पिवळण्याचं कारण असं, की ते अतिनील किरण अडवतं; क्वार्ट्झ ते आत सोडायचं. हे मला नववीपासून माहीत होतं. त्या दिवशी दुकानात ते मला आठवलं नाही, इतकंच.

मी हाताने दिवा लाल केला आणि सगळ्या बायांना फोन केले. मग होडीत परत जाऊन पारखीजवळ बसून राहिले. हातभर पेटीत जुनी खाडी जिवंत होती. दादा ज्या पाण्यात पोहायला शिकला, ते पाणी. ती पेटी मागची खाडी दाखवत होती आणि मी तिला आजची समजून गावाला जेवायला बसवलं होतं. आधीच्या वर्षभरात दोन म्हातारी माणसं 'हृदयविकाराने' गेली होती. त्यांच्या घरी त्या दिवशी काय शिजलं होतं ते विचारायला हवं होतं, आणि माझी छाती होत नव्हती.

शंका उरू नये म्हणून मी खिडकी काढली आणि पेटी उघड्या उन्हात ठेवली. तीन दिवस पडद्यासमोर बसले. पहिल्या दिवशी डायटमच्या साखळ्या तुटल्या. दुसऱ्या दिवशी सोनेरी रंग फिकटला. प्रत्येक तासाला नवं चित्र यायचं आणि त्यात आदल्यापेक्षा कमी असायचे. मला सारखं वाटत होतं की खिडकी परत लावावी, निदान हे तरी वाचवावेत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पडद्यावर रिकामी कवचं आणि भोवरे राहिले. मी खूप रडले. माझ्याच ओठांना मुंग्या आल्यासारखं वाटत होतं. वर्षभर ते अधूनमधून वाटतच होतं, पण आता त्याला दोष हे नाव मिळालं.

हर्डीकर वाईट माणूस नव्हे. त्यांनी आकडे पाहिले आणि बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले की अहवालात या आठवड्यापासूनचं लिहू या, शैवालांच्या समूहात अचानक बदल, यंत्राची मर्यादा. खिडकी बदलल्याची तारीख लिहिली तर गेल्या वर्षीचं सगळं उकरलं जाईल, आणि मुख्य म्हणजे तुझं नाव येईल. पुढे हळू आवाजात म्हणाले की तुझा स्वतःचा भाऊ गेलाय, तू आणखी काय भोगणार.

त्यांच्या निबंधाचं त्यांना वाटत होतंच, पण माझ्याबद्दलची दयाही खरी होती. मी एक दिवस मागितला.

तो दिवस मी घरी काढला. हिशेब अगदी सोपा होता. या आठवड्याची तारीख लिहिली तर गेल्या वर्षी खाडी चांगली होती, शिंपले चांगले होते, म्हणजे दादा वयनीच्या हाताने गेला. खिडकीची तारीख लिहिली तर तो माझ्या हाताने गेला. मधली तारीख नव्हती. आणि या जगात मला माझं म्हणणारं माणूस वयनीच होतं. ती ओसरीवर बसून माझ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावत होती. शिवणकामाला ती हात वापरायची, सुई कोणी खात नाही म्हणून.

दुपारी मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. दुकान, प्लॅस्टिक, दहा वर्षांची गॅरंटी, पेटीतली खाडी आणि बाहेरची खाडी. शास्त्र तिला कळेल अशा शब्दांत सांगायला मला वेळ लागला. ती बटणाला टाके घालत राहिली. सांगून झाल्यावर तिने सुई पुठ्ठ्याला टोचली.

"म्हणजे मरताना ते तिरफळांका दोष देत होते," ती म्हणाली. "तेवा माझ्याय व्हठांक मुंगये इलेले. चार उरलेल्यो मी खाल्लंय मां. कोणाक सांगूक नाय. वाटला, रडान येतत."

मी मान हलवली.

तिने हात पालथे केले, सुलटे केले, उजेडात धरले. "म्हणजे हेंका काय नाय."

"काय नाय, वयनी. कधीच काय नव्हता."

तिचा चेहरा असा सैल झाला की मला क्षणभर वाटलं, माझं सगळं माफ झालं. मग ती थांबली. तिच्या कपाळावर आठी आली, आठवताना येते तशी.

"डॉक्टरान गाडीत असताना तुका फोनार इचारल्यान. तेवा तू काय सांगलंस?"

हे मी सांगितलं नव्हतं. बाकी सगळं सांगितलं होतं.

"हिरवो आसा म्हणान," मी म्हटलं.

"आणि तू तसा सांगूक नसतंस तर?"

खोटं बोलायची शेवटची संधी होती. तिला खरं कधीच कळलं नसतं. मी सांगितलं की मग त्यांनी यंत्राने श्वास दिला असता, आणि तो बहुतेक सकाळी उठून बसला असता.

ती उठली. मला वाटलं बाहेर जाईल. ती स्वयंपाकघरात गेली. वर्षभरात पहिल्यांदा तिने स्वतः गॅस पेटवला. डब्यातून तांदूळ घेतले, धुतले, पाण्यात हात बुडवून पातळी पाहिली. माझी छाती भरून आली आणि त्यातला बराचसा आनंद होता, हे मी खरं सांगते. भात शिजेपर्यंत मी दाराच्या चौकटीला धरून बघत राहिले.

तिने ताट घेतलं. भात वाढला, वर ताक, बाजूला लोणच्याची फोड. पातेलं रिकामं झालं होतं. एकाच माणसाचे तांदूळ तिने घेतले होते, आणि या घरात चोवीस वर्षांत तिने तसं कधी केलं नव्हतं. ती पाटावर बसली, माझ्याकडे पाठ करून, आणि हाताने भात कालवला.

पहिला घास तिने तोंडात घातला तेव्हा मी अजून दारातच होते. दुसऱ्या घासाला तिने मागे न बघता डाव्या हाताने दार लोटून घेतलं.